पिस्तुलाचा चाप परत पुढे येईना – स्प्रिंगच गेली का?

भाट्ये_खाडी (धागाकर्ता), रविवार रात्री

नमस्कार मंडळी. इथे नेमबाजी करणारे दोघे-तिघे आणि एक निवृत्त आर्मरर (शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे) काका आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, म्हणून धीर करून लिहितोय.

मी रत्नागिरीत राहतो. नोकरी मास्तरकीची, छंद नेमबाजीचा. खेळाच्या परवान्यावर पॉइंट २२ चं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष कुणाचा तेच अजून कळलेलं नाही. एक रविवार आड आंबा घाट चढून कोल्हापूरला सरावाला जातो.

आज पाच बारांच्या मालिकेत तिसरा बार व्यवस्थित गेला. चौथ्याला बोट चापावर ठेवलं तर चाप जागेवरच नाही! मागेच राहिलेला, कडी तुटलेल्या कवाडासारखा लोंबणारा. बोटाला काही प्रतिकारच नाही. नळी लक्ष्याकडेच ठेवली, बोट बाहेर काढलं, डावा हात वर केला. रेंजवरच्या सरांनी येऊन मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढायला लावलं, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढली, तर चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या घरातून, जिवंत काडतूस बाहेर पडलं. ते पाहून मात्र पोटात गोळा आला. चाप मेलेला, पण पिस्तूल भरलेलं आणि घोडा चढलेला.

प्रश्न तीन. हे चापाच्या स्प्रिंगचंच काम का? गेल्याच महिन्यात चापाला वजन टांगून तपासलं होतं, १००० ग्रॅम घोडा न सुटता बरोबर उचललं, मग अचानक कसं? आणि तिसरं, चिपळूणला ओळखीचा एक कारागीर आहे, लेथवर काहीही करून देतो. पियानो वायरची (कडक पोलादी तारेची) स्प्रिंग वळून देतो म्हणाला. घेऊ का?

मोदक_आणि_मी

वाचतेय. विषय डोक्यावरून जातोय, पण "कडी तुटलेलं कवाड" आवडलं.

दहा_मीटर

दादा, हात वर केलात आणि स्वतः काही उचकलं नाहीत हे फार बरं केलंत. स्पर्धेत असतात तर त्यावरच निकाल ठरला असता. २५ मीटरच्या नियमांत "चाप यंत्रणेने काम केलं नाही" हा मान्य बिघाड आहे. मालिका पुन्हा मिळते किंवा पुरी करता येते, आणि दुरुस्तीला किंवा दुसरं पिस्तूल आणायला १५ मिनिटं मिळतात. पण अधिकारी तपासायच्या आत तुम्ही यंत्रणेला हात लावला की तोच बिघाड अमान्य. गेली मालिका.

गंमत म्हणजे अमान्य बिघाडांच्या यादीत हेही आहे की खेळाडूने आधीच्या बारानंतर चाप पुरेसा पुढे येऊ दिला नाही. म्हणजे बोट ढिलं सोडलं नाही तर चूक तुमची, आणि स्प्रिंगने ढकललं नाही तर पिस्तुलाची. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मी कुडाळला शिकत असताना पहिल्या वर्षी अशाच "बिघाडा"वरून रडले होते. सरांनी पिस्तूल हातात घेऊन पाच बार सलग काढून दाखवले आणि म्हणाले, स्प्रिंग तुझ्या बोटात बसव.

एक बघाल का? चापाच्या मागे थांबा-स्क्रू असतो, चाप किती मागे जावा ते ठरवणारा. तो सरावात हलून आत शिरला तरी चाप विचित्र वागतो. पण तुमचा लोंबतोय म्हणता, तेव्हा ते नसावं.

चिपळूणचा_भट्टीवाला

लेथवाल्याकडे जाऊ नका. कारण नंतर लिहितो, पाळीवर आहे.

देवगडचो_म्हातारो

अरे बाबांनो, चाप काय नि घोडा काय? आमच्यात घोडो ओढलो की बार जाता. माझी बारा बोरची दोन नळ्यांची, वानरां नि डुकरां बागेत येतत म्हणान शेतीसंरक्षणाचो परवानो. तीस वर्सां झाली, स्प्रिंग खंय असता तां माका ठावक नाय.

आर्मरर_निवृत्त

म्हातारबुवा, तुमच्या बंदुकीला चाप आणि घोडा दोन्ही आहेत. बोटाने ओढता तो चाप. तो सुटला की जो आपटतो तो घोडा. लोक दोन्हीला घोडा म्हणतात, मग दुकानात "घोड्याची स्प्रिंग" मागतात आणि हातात वेगळीच येते. घोड्याची स्प्रिंग जाड आणि ताकदवान, ठोका देणारी. चापाची बारीक, तिचं काम फक्त चाप परत जागेवर आणायचं. या धाग्यात तेवढं वेगळं ठेवू या, नाहीतर कोण कशाबद्दल बोलतंय ते कळणार नाही.

आता धागाकर्ते. नौदलात बावीस वर्षं शस्त्रागारात काढली, आता दापोलीत नारळ मोजतो. तुमच्या वर्णनावरून चापाची स्प्रिंग हाच पहिला संशय. पण संशय आणि निदान यात फरक असतो. पिस्तूल रिकामं आहे हे डोळ्याने आणि बोटाने, दोन्हीने तपासून मला सांगा:

स्लाइड पूर्ण पुढे बसली होती का? सेमी-ऑटोमध्ये स्लाइड पूर्ण बंद न होता मागे राहिली तर डिस्कनेक्टर नावाचा भाग चाप बाकीच्या यंत्रणेपासून तोडून ठेवतो. मग चाप रिकामा ओढला जातो. तो बिघाड नव्हे, ते संरक्षण आहे. मळ साठला, काडतूस नीट बसलं नाही की होतं.

मॅगझिन आत असताना आणि काढल्यावर चाप सारखाच वागतो का? आमच्याकडचं ९ एमएम पिस्तूल, इशापूरचं, मूळ ब्राउनिंगच्या आराखड्याचं. त्यात मॅगझिन काढलं की चाप लागतच नाही. दरवर्षी एखादा नवा पोरगा "साहेब, पिस्तूल बिघडलं" म्हणून यायचा. मॅगझिन बसवून परत द्यायचो.

आणि शेवटचं, चाप नखाने हलकेच पुढे ढकलला तर "टक्" असा आवाज येऊन तो पकडतो का? पकडत असेल, आणि मग ओढल्यावर नेहमीसारखा सुटत असेल, तर आतली बाकी यंत्रणा शाबूत आहे आणि फक्त परत आणणारी स्प्रिंग गेली. हे घरी, रिकाम्या पिस्तुलावर, चेंबरमध्ये प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घालून. रेंजवर "नखाने पुढे ढकलून उरलेले दोन बार काढून टाकतो" असला शहाणपणा कुणी करू नये. मी करताना पाहिलाय. बोट चापाच्या पुढच्या बाजूने आत, लक्ष चापावर, नळी कुठे गेली ते देवाला माहीत.

भाट्ये_खाडी (धागाकर्ता)

काका, तपासलं. स्लाइड पूर्ण बंद होते. मॅगझिन असो-नसो, सारखंच. नखाने पुढे ढकलल्यावर "टक्" आलं आणि चाप नेहमीसारखा सुटला. सोडला की परत लोंबला.

मग ग्रिप काढून टॉर्च मारला. स्प्रिंगचा एक पाय वेगळा होऊन खाली पडलाय, आणि वेटोळं तसंच खिळीवर बसलंय. माझ्या पिस्तुलात ती कपड्याच्या चिमट्यात असते तशी आहे, मधे वेटोळं आणि दोन पाय. पाय वेटोळ्यातून जिथे वाकून बाहेर पडतो, नेमका तिथे तुटलाय. स्वच्छ, कापल्यासारखा.

वाडीचो_वकील

आला का टॉर्च बाहेर! आता इथेच थांबा. कुणी विचारायच्या आत सांगतो.

पुसणं, तेल देणं, पुस्तिकेत दाखवलंय तेवढं खोलणं ही देखभाल. भाग बदलणं ही दुरुस्ती. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ मध्ये बनवणं, विकणं यांच्याच ओळीत दुरुस्ती करणं आणि चाचणी घेणं हेही शब्द आहेत. त्याला वेगळा परवाना लागतो. तुमच्याकडचा बाळगण्याचा परवाना त्यात चालत नाही. आणि चिपळूणच्या त्या लेथवाल्याकडे कुठलाच नसणार. कलम २५ खाली कलम ५ मोडल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. एका चिमट्याच्या स्प्रिंगसाठी त्या गरीब माणसाला कशाला घालवताय?

आणखी एक. "शस्त्र" या शब्दाच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात. त्यामुळे परदेशी संकेतस्थळावरून पाकिटात स्प्रिंग मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा आयात करणाऱ्याकडूनच. पिस्तूल घेऊन जाताना मूळ परवाना सोबत ठेवा, त्यावर क्षेत्र "महाराष्ट्र" आहे ना ते बघा. दुरुस्तीला ठेवून यावं लागलं तर क्रमांकासकट पावती घेतल्याशिवाय दुकानातून पाय काढू नका.

मोदक_आणि_मी

वकीलसाहेब, तुमच्यामुळे मला आता कपड्यांच्या चिमट्यांचीही भीती वाटायला लागली.

चिपळूणचा_भट्टीवाला

पाळी संपली. वकिलांनी कायदा सांगितला, मी धातूचं सांगतो. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर आयुष्य गेलं, स्प्रिंगा रोज हातातून जातात.

"गेल्या महिन्यात वजन बरोबर होतं" हे वाचून हसलो. रागावू नका, सगळेच असं समजतात. स्प्रिंग दोन तऱ्हांनी जाते. एक, दमते. वर्षानुवर्षं दाबून राहिली की थोडी बसते, जोर कमी होतो. ते वजनाच्या चाचणीत दिसतं. दुसरी, तडकते. तारेच्या कडेला केसाएवढा तडा सुरू होतो आणि प्रत्येक ओढीला थोडा थोडा आत जातो. निम्मी तार तडकली तरी बाकीची निम्मी जवळजवळ तेवढाच जोर देत राहते. वजन बरोबर, बोटाला काही कळत नाही. मग एका बाराला उरलेली निम्मी सोडून देते. तुमची दुसऱ्या जातीची.

वाकावरच का तुटली? तार जिथे वळते तिथे बाहेरच्या अंगाला सगळ्यात जास्त ताण. त्यात वळवताना हत्याराचा ओरखडा पडला असेल किंवा गंजाचा एक खड्डा असेल तर तडा तिथेच जन्म घेतो. गंजाचा खड्डा म्हणजे डोळ्याला तपकिरी ठिपका. पुसला की गेला असं वाटतं. खड्डा राहतो.

आता मला सांगा, पिस्तूल कुठे आणि कसं ठेवता? आणि बार किती झाले? नुसते बार नाही, चाप किती वेळा ओढलात?

दहा_मीटर

ओह. कोरडा सराव! बार न काढता नुसता चाप ओढायचा तो.

भाट्ये_खाडी (धागाकर्ता)

घर भाट्याच्या पुलापासून चालत पाच मिनिटं. खिडकी उघडली की खारा वारा. पिस्तूल लोखंडी कपाटात, कंपनीच्या फोमच्या पेटीत. पावसाळ्यात पेटी आतून दमट लागते, खोटं कशाला बोलू.

बार: दोन वर्षांत धरून चाला ३,०००. कोरडा सराव रोज संध्याकाळी दीडशे, खोटं काडतूस घालूनच. वर्षाचे तीनशे दिवस तरी होतोच.

चिपळूणचा_भट्टीवाला

मास्तर, गणित तुम्हीच करा. १५० गुणिले ३०० गुणिले २. नव्वद हजार. तुम्ही हिशेब बारांचा ठेवता, स्प्रिंग ठेवते ओढींचा. तिच्या दृष्टीने पिस्तूल ३,००० बारांचं नाही, ९३,००० ओढींचं आहे. तिला दारूगोळ्याशी काही देणंघेणं नाही.

चांगली, स्वच्छ तार एवढं सहज सोसते. खारट तार सोसेलच असं नाही.

दहा_मीटर

मी आजपासून वहीत दोन रकाने करते. आमच्या सरांचा नियम होता, मोठ्या स्पर्धेच्या हंगामाआधी परवानाधारकाकडून चापाची आणि मॅगझिनची स्प्रिंग बदलूनच घ्यायची, तुटो न तुटो. मला ते उधळपट्टी वाटायचं.

अवांतर: टोकियोत २०२१ ला मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरीच्या मध्यात बंद पडलं होतं, आठवतंय? ते एअर पिस्तूल होतं आणि चाप इलेक्ट्रॉनिक, म्हणजे स्प्रिंगची भानगड नाही, पण दुरुस्तीत वेळ गेला तो गेलाच. ५७५ गुण, बारावी. पॅरिसला २०२४ मध्ये त्याच प्रकारात तिनं कांस्य आणलं.

देवगडचो_म्हातारो

खारो वारो आमच्याकडे कमी हा काय? मी बंदुकेक खोबरेल लावतंय. बापाशीन लावला, आजान लावला. काय झाला नाय.

आर्मरर_निवृत्त

बुवा, तुमच्या आज्याच्या ठासणीच्या बंदुकीत खोबरेल चाललं असेल. जाड लोखंड, हलणारे भाग दोन. पिस्तुलात मात्र खोबरेल नको. थंडीत २४ अंशांच्या खाली ते थिजतं, आणि उघड्यावर राहिलं की खवट होऊन चिकट होतं. धूळ, जळकी दारू सगळं धरून बसतं. फायरिंग पिनच्या (काडतुसावर ठोका देणाऱ्या सळीच्या) बिळात ते थिजलं की ठोका हलका पडतो. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालेल. बाजारातला तो पाणी हटवणारा फवारा मारून "तेल दिलं" असं समजणारेही आहेत. तो पाणी हटवतो खरा, पण महिनाभर राखण करत नाही. वर बंदुकीचं तेल लागतंच. बोट फिरवल्यावर ओलं वाटेल पण ओघळणार नाही, एवढंच.

जहाजावर एकच गोष्ट पक्की शिकलो. खारं पाणी किंवा खारा घाम लागला की आधी गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मग सुकवा, मग तेल. आधीच तेल लावलंत तर मीठ तेलाखाली बसून निवांत जेवतं.

आणि मास्तर, तो फोम! पेटी रेंजवर न्यायला. घरात ठेवायला नाही. फोम स्पंजसारखा दमट हवा धरून ठेवतो. चामड्याचं म्यान त्याहून वाईट. सुती फडक्यावर ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून परत निळे करा.

मोदक_आणि_मी

आमच्याकडे पावसाळ्यात पापडांच्या कपाटात झिरोचा बल्ब लावतात तसं?

आर्मरर_निवृत्त

अगदी तसंच. हवा दोन-चार अंश गरम राहिली की कपाटातला दमटपणा खाली येतो. पापड आणि पिस्तूल एकाच कपाटात मात्र नको.

भाट्ये_खाडी (धागाकर्ता)

एक कबुली द्यायची राहिली. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

तुटायच्या आठ दिवस आधी चापाच्या आजूबाजूच्या बारक्या भागांवर तपकिरी ठिपके दिसले. स्प्रिंग आणि दोन खिळ्या पुस्तिकेत बघून बाहेर काढल्या (वकीलसाहेब, माफी). आई म्हणाली, तांब्याची भांडी आपण आमसुलाने घासतो, एक रात्र आमसुलाच्या पाण्यात टाक. टाकल्या. सकाळी चकचकीत. धुतल्या, पुसल्या, तेल देऊन बसवल्या. आठव्या दिवशी हे.

आमसुलाने स्प्रिंग खाल्ली का? आई दोन दिवस नीट जेवलेली नाही.

वाडीचो_वकील

माफी न्यायालयात मागतात. इथे मी वाचलंच नाही असं समजा, आणि पुन्हा करू नका.

चिपळूणचा_भट्टीवाला

अरे देवा. आता हा धागा खरा माझ्या खात्यातला झाला.

कडक केलेल्या पोलादाला आणि आम्लाला एकत्र आणायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आम्ल लोखंडावर काम करतं तेव्हा हायड्रोजन सुटतो. त्यातला थोडा पोलादाच्या आत शिरतो. मऊ लोखंडाला फारसं काही होत नाही. कडक स्प्रिंग मात्र ठिसूळ होते, आणि लगेच नाही, ताणाखाली ठेवल्यावर तासांनी, दिवसांनी तुटते. म्हणून स्प्रिंगांवर जस्ताचा मुलामा दिला की कारखान्यात त्या लगेच भट्टीत १९०-२०० अंशांना काही तास ठेवतात, हायड्रोजन बाहेर काढायला. आमसूल, चिंच, लिंबू, गंज काढायचं दुकानातलं आम्ल, सगळ्यांना हेच लागू. आमसूल त्यात सौम्य, पण रात्रभर ठेवलंत.

तेव्हा संशयित दोन. खारा खड्डा आणि नव्वद हजार ओढी, किंवा आमसूल. तुटलेल्या तोंडाकडे पाहिल्याशिवाय कुणालाच फाशी देऊ नका. गावात सोनार असेल ना ओळखीचा? त्याच्या भिंगाखाली तुटलेलं तोंड बघा. पुसू नका, तेल लावू नका, दोन्ही तुकडे एकमेकांवर जुळवून बघायचा मोह तर अजिबात नको.

सगळं तोंड एकसारखं चकचकीत, दाणेदार असेल तर आमसुलावर संशय वाढतो. एका कडेला काळपट डाग असेल, अंगठ्याच्या नखासारखा अर्धगोल, तर तो जुना तडा.

भाट्ये_खाडी (धागाकर्ता), चार दिवसांनी

दोन बातम्या.

पहिली. काल रजा टाकून कोल्हापूरला गेलो. परवानाधारक दुरुस्तीवाल्याने परवाना पाहिला, नोंदवहीत क्रमांक लिहिला, आतली स्प्रिंग बदलली, शिवाय स्प्रिंगचा पाय बसतो त्या भोकाची कड भिंगाने पाहिली. चाप दहा-बारा वेळा ओढून सोडून पाहिला, वजन टांगून १००० ग्रॅम उचलून दाखवलं. स्प्रिंगच्या किमतीपेक्षा घाटाचं पेट्रोल महाग पडलं. दोन जादा स्प्रिंगा त्याच्याच आयात करणाऱ्यामार्फत मागवायला सांगितल्या, बसवायला त्याच्याकडेच यायचं. जुनी स्प्रिंग मागितली, काडेपेटीत घालून दिली.

दुसरी. आज सोनाराकडे गेलो. त्याला वाटलं मोडकं कुडकं आणलंय. भिंगाखाली बघून तोच म्हणाला, "मास्तर, हे दोन रंगांचं आहे." वाकाच्या बाहेरच्या अंगाला नखासारखा काळपट तपकिरी अर्धचंद्र, तारेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. बाकीचं स्वच्छ राखाडी. आणि अर्धचंद्राच्या टोकाला बाहेरून एक बारीक खड्डा.

चिपळूणचा_भट्टीवाला

झालं. तडा जुना. खड्ड्यातून निघाला, थोडा थोडा आत गेला, आत खारी हवा शिरून त्याची भिंत गंजली. एवढा गंज एका रात्रीत आमसुलाने येत नाही, आठ दिवसांतही कठीण. ही पुन्हा पुन्हा ओढून थकव्याने तडकलेली स्प्रिंग. मोठ्या शाफ्टांवर अशा तुटलेल्या तोंडात एकाबाहेर एक वक्र रेषा दिसतात. आमच्या भाषेत त्यांना बीच मार्क म्हणतात, ओहोटीला पुळणीवर पाण्याच्या रेषा राहतात ना, तशाच. तुमच्या तारेत त्या दिसणार नाहीत, फार बारीक आहे. पण खड्डा आणि अर्धचंद्र पुरे.

मला विचाराल तर आमसुलाच्या पाण्यात टाकली तेव्हाच ती एक तृतीयांश तुटलेली होती. आईंवरचा आरोप मागे घ्या. पण पुन्हा स्प्रिंग त्या पाण्यात दिसली तर मी रत्नागिरीला येईन.

दहा_मीटर

हुश्श! आईंना सांगा, सोलकढी करा आणि आम्हाला बोलवा.

आर्मरर_निवृत्त

शाब्बास. एकच राहिलं. नवी स्प्रिंग बसल्यावर पहिल्यांदा रेंजवर गेलात की मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा. बार काढा, चाप हळू सोडा, परत जागेवर आला का बघा. मग दोन भरा. दोन्ही वेळा एका ओढीला एकच बार जातो याची खात्री झाली की मग पाच. चापाचा भाग हलवलाय, म्हणून एवढी सवड द्यायची.

भाट्ये_खाडी (धागाकर्ता)

केलं काका. रविवारी एक, मग दोन, मग पाच. सगळं ठीक. कपाटात बल्ब लागला. पेटी माळ्यावर गेली. वहीत दोन रकाने झाले: बार आणि ओढी.

आईला निकाल सांगितला. ती म्हणाली, "मग त्या खिळ्या चकचकीत झाल्या होत्या की नाही?"

देवगडचो_म्हातारो

सगळा वाचलंय. आता माझा आयका. निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली होती. परत मिळाली तेवां नळयेवर तांबडो गंज. मी खोबरेल लावलंय. डाव्या नळयेचो चाप आता उशिरान परत येता. पूर्वी येय नाय असा. हीच स्प्रिंग काय?

आर्मरर_निवृत्त

बुवा, उशिरा येतो म्हणजे बहुधा तुटलेली नाही, चिकटलेली असेल. पण खोलू नका. आणि तोवर बागेत घेऊन जाऊ नका, उजवी नळी चांगली असली तरी.

देवगडचो_म्हातारो

मास्तरांचो तो कोल्हापूरवालो खंय बसता?

भाट्ये_खाडी (धागाकर्ता)

काका, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघा. जाताना मूळ परवाना विसरू नका, आणि गुरुवारी जाऊ नका, दुकान बंद असतं.